पाणी वळवायची एक ओळ

मार्गशीर्ष लागला की राहात्याच्या अंगाला पेरूचा वास उभा राहतो. वास येतो असं लोक म्हणतात, पण मला विचाराल तर ती भिंतच असते. मोटारसायकल तिच्यावर आपटते. परवा आमच्या कॉलेजच्या फाटकाशी एक अख्खा टेम्पो त्या वासात रुतला आणि जेसीबी लावून काढावा लागला. हे निम्मं करून घ्या. माझं सगळंच बोलणं निम्मं करून घ्यावं असा आमच्याकडे नियम आहे, आणि तो ज्यांनी केला ती माणसं माझ्या भल्याचीच होती. निम्मं केल्यावर उरतं ते एवढं: टेम्पो होता, पेरू होते, आणि मी गाडी बंद करून फाटकाशी बराच वेळ नुसता उभा होतो.

त्याच दिवशी टेबलावर दोन कागद आले. एक प्रॅक्टिकल परीक्षेचं वेळापत्रक, ते दर वर्षी याच थंडीत येतं. दुसऱ्यावर लिहिलं होतं की प्रयोगशाळेतला जुना सर्व्हर भंगारात काढायचा आहे, शुक्रवारपर्यंत डिस्क पुसून द्यावी. खाली सही नव्या साहेबांची. त्यांचा काही दोष नाही. त्यांना काय ठाऊक, की ते ज्याला सर्व्हर म्हणतात तो हत्ती आहे, आणि हत्ती पुसून देता येत नाही.

हत्ती हे नाव काकांनी ठेवलेलं. भानुदासकाका आमचे लॅब अटेंडंट. प्रयोगशाळेत चाळीस पडदे, चाळीस कीबोर्ड, आणि सगळ्यांचं डोकं एकच, ते म्हणजे कोपऱ्यातलं हे काळं धूड. चाळीस पोरं एकदम काही चालवायला लागली की ते असं घुमायचं की पलीकडच्या वर्गातले मास्तर फळ्यावर लिहिताना थांबायचे. थंडीच्या सकाळी पोरं कानटोप्या घालून आत शिरायची आणि आधी त्याच्या पाठीमागे जाऊन हात शेकायची. काका त्याच्या डोक्यावर पोत्याचा तुकडा अंथरून कच्चे पेरू ठेवायचे. तिसऱ्या दिवशी पिकायचे. परीक्षा द्यायला आलेल्या पोरांना अभ्यासक्रमातलं काहीही आठवत नसेल, पण आजही कुठे भेटली तर विचारतात, "सर, हत्तीवरचे पेरू आहेत का अजून?"

आता थोडं धंद्याचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कुठलाही प्रोग्रॅम सगळं काम स्वतः करत नाही. आपण दळण घरी दळत नाही, गिरणीत नेतो. तसं चित्र उघडणं, रंग वाचणं, आकडेमोड, ही कामं दुसऱ्या कुणीतरी आधीच लिहून ठेवलेली असतात. त्या गठ्ठ्याला लायब्ररी म्हणतात. तुमचा प्रोग्रॅम दळण घेऊन तिच्याकडे जातो आणि पीठ घेऊन येतो. पण गिरणीवाल्याने एखाद्या दिवशी जात्याच्या दगडाला छिन्नीने टाकी लावली की पीठ बदलतं. चपातीवाली खूश होते, आणि जिला भरड हवी होती ती डोक्याला हात लावते. लायब्ररीची नवी आवृत्ती म्हणजे टाकी लावलेला दगड. हत्तीत गिरणी एकच होती. नवी आवृत्ती चढवली की जुनी पुसली जायची.

आणि ती चढवायची मुभा गावाला होती. त्याचं कारणही काकाच. काका शनिशिंगणापूरचे, आणि नोकरीसाठी राहात्यात मेव्हण्याच्या बागेत राहायचे. ज्या माणसाच्या घराला जन्मात दार नव्हतं त्याला पासवर्ड ही कल्पना समजावणं म्हणजे माशाला छत्री विकणं. पहिल्याच महिन्यात त्यांनी हत्तीचा मुख्य पासवर्ड पिवळ्या ऑइलपेंटने कपाटावर लिहून काढला. पासवर्डच्या खाली हळदकुंकवाची दोन बोटं.

मी हादरलो. "काका, अहो कुणीही येईल, काहीही नेईल!"

"न्हेऊन न्हेऊन काय न्हेईल? हत्ती खिशात घालून जानार हाय व्हय कुनी? आमच्याकडं तिजोरीला सुदीक कुलूप न्हाई. वर बसल्याला बघतोय."

वर बसलेल्याने खरोखर लक्ष ठेवलं. हत्तीतून कधीही, कुणीही, काहीही चोरलं नाही. तक्रार वेगळीच होती. चोरी कुणी केली नाही, पण भलं मात्र सगळ्यांनी केलं. ज्याला जे नवं चांगलं दिसलं ते त्याने सगळ्यांसाठी म्हणून चढवून ठेवलं. आणि त्या हंगामातलं सगळ्यात मोठं भलं मी केलं.

तबस्सुम नगरहून यायची. एम.टेक.चं शेवटचं वर्ष, आणि खालच्या वर्गांना शिकवायचीही, म्हणून पोरं तिला मॅडम म्हणायची. तिचे अब्बा नगरच्या बाजारात हातगाडीवर फळं विकत. पेरू नुसता तळहातावर तोलून ते सांगायचे, हा आज, हा उद्या, हा परवा. अब्बांचे हात थरथरायला लागले होते. तबस्सुमचं म्हणणं एवढंच होतं की ते हात जे जाणतात ते यंत्राला शिकवायचं. चार हंगाम ती राहात्याच्या बागांमधून फिरली आणि पेरूंचे फोटो काढत राहिली. सकाळच्या उन्हातले, ढगाखालचे, पानाआडचे, पोपटाने चोच मारलेले. फोटो पाहून पेरू पिकायला किती दिवस उरले ते सांगणारा प्रोग्रॅम तिने लिहिला. एकदा परीक्षकांनी तो परत पाठवला होता, अंदाज चुकतात म्हणून. त्या डिसेंबरातला सोमवार ही तिची दुसरी आणि शेवटची वेळ. त्यात उतरली नाही तर पदवी राहिली आणि चार हंगाम मातीत.

मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की हा हत्ती मी एकट्याने मुंबईहून पाठीवर बांधून आणला. ती म्हणाली, "निम्मं करून घेते. मनमाडपासून."

हा नियम तिथून सुरू झाला. पुढे काकांनी तो साऱ्या कॉलेजात लागू केला.

आदल्या शनिवारी सकाळी मी नवी आवृत्ती चढवली. पोरांच्या नव्या अभ्यासक्रमाला ती हवीच होती, सोमवारी त्यांचं प्रॅक्टिकल होतं. पण खरं सांगायचं तर पोरं ही सबब होती. नवी आवृत्ती दुप्पट वेगाने चालते असं मी कुठेतरी वाचलं होतं. दुपारी ती येईल, प्रोग्रॅम चालवेल, आणि तो भन्नाट पळालेला बघून विचारेल, हे कुणी केलं? मी खिडकीतून बाहेर बघत म्हणेन, काही नाही हो, थोडं तेलपाणी. एवढ्या एका वाक्यासाठी मी दगडाला टाकी लावली.

ती आली. प्रोग्रॅम चालवला. दुप्पट नाही, तिप्पट वेगाने चालला. (दुप्पट.) आणि म्हणाला, पेरू कच्चा आहे, एकवीस दिवस.

दुसरा फोटो, एकवीस दिवस. तिसरा पिवळाधमक, देठापाशी सुरकुतलेला, त्यालाही एकवीस. हत्तीच्या डोक्यावरचा पिकून मऊ पडलेला पेरू काकांनी स्वतः कॅमेऱ्यासमोर धरला. एकवीस. जगातला एकही पेरू पिकायला तयार होईना. वैतागून तिने काकांच्या टकलाचा फोटो काढला.

"काका, तुम्हीसुद्धा कच्चे. एकवीस दिवस."

"मंग बरंय की! रिटायर व्हायला येळ हाय म्हनायचं."

हसलो आम्ही. मग हसता हसता तिचा चेहरा थांबला. मी खाली वाकून वाचत गेलो तसं कळलं: नव्या आवृत्तीने रंग वाचायचा क्रम उलटा केला होता. आधी निळा, हिरवा, लाल असं वाचायची, आता लालापासून सुरुवात. तांबड्याच्या जागी निळं आलं की पिवळं असं काही राहतच नाही. सगळे पेरू निळसर, हिरवे, सदाकच्चे.

"सर," ती म्हणाली. चिडली असती तर बरं झालं असतं. "याला हात का लावला?"

मी नेहमीप्रमाणे काहीतरी सांगायला तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा थाप न मारता कीबोर्डकडे वळलो आणि जुनी आवृत्ती कुठे उरली आहे का ते शोधायला लागलो.

तिला प्रोग्रॅम बदलता आला असता, पण परीक्षेला दोन दिवस, आणि अंदाजांचे तक्ते सगळे जुन्या आवृत्तीवर काढलेले. हजार ठिकाणी तपासत बसायला वेळ कुठला? जुनी आवृत्ती परत आणावी तर पोरांचं प्रॅक्टिकल बुडणार. शिवाय आणायची कुठून? त्याच सकाळी उसाची एक ट्रॉली एवढी उंच भरून गेली की रस्त्यावरची इंटरनेटची केबल उसात गुंतून कारखान्यापर्यंत गेली. ऊस टाकतात त्या गव्हाणीत पडून तिची साखर झाली असेल. हे निम्मं करा, पण केबल तुटली होती हे पूर्ण खरं आहे.

"सीडी हुती की," काका म्हणाले. "तुमीच काढून ठिवली हुती, हत्ती आला तवा. वर काळ्या पेनानं लिवलं हुतं."

"कुठे आहे ती?"

काकांनी छताकडे पाहिलं. मग जमिनीकडे. मग पेरूकडे.

"झाडाला," ते म्हणाले.

आमच्याकडे पेरूच्या बागेत पोपट येतात. त्यांना भिववायला झाडांना जुन्या सीड्या टांगतात. वाऱ्यावर फिरतात, ऊन फेकतात, पोपट बिचकतात. आठवड्यापूर्वी कपाट आवरताना काकांनी जुन्या सीड्यांचा ढीग मेव्हण्याच्या बागेसाठी नेला होता.

तो रविवार. मी कितीही थापा मारत असलो तरी त्या रविवारात भर घालायची मला कधी गरज पडली नाही. सकाळचं धुकं नुकतं उठलेलं. दोन एकर पेरू, आणि झाडाझाडाला चकाकत फिरणाऱ्या तबकड्या, जणू कुणी चंद्राची चिल्लर करून टांगली होती. ऊन त्यांच्यावरून उडून आमच्या तोंडावर, मातीवर, एकमेकांच्या बाह्यांवर सांडत होतं. खाली पडून फुटलेल्या पेरूंचा आंबूस गोड वास. मी एका ओळीतून, तबस्सुम शेजारच्या ओळीतून, मान वर करून सीड्या वाचत चाललेलो. तिची ओढणी सारखी फांदीत अडकायची.

"ही कुठली? 'लग्न, भाग दोन'."

"काकांच्या मेव्हण्याचं असेल."

"भाग एक या झाडाला आहे. पोपटांना आवडलेलं दिसतंय, इथेच बसलेत."

शंभरेक सीड्या पाहिल्या. आमची नाही. मग शेवटच्या ओळीत एक झाड दिसलं, ज्याचा एकही पेरू धड नव्हता. पोपटांनी त्यावर जेवणावळी उठवल्या होत्या. फांदीला सीडी होती, पण फिरतही नव्हती, चमकतही नव्हती. काकांनी ती पाकिटासकट, वर प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीला दोन गाठी मारून टांगली होती.

"चांगली वस्तू हुती," काका ओशाळून म्हणाले. "म्हनलं धूळ बसंल."

तबस्सुमने पिशवी सोडली. काळ्या पेनाने माझं अक्षर. ती त्या झाडाखाली, पोपटांच्या उष्ट्यात, मटकन बसली आणि इतकी हसली की डोळे पुसायला लागले. मी तिच्या शेजारी बसलो. मधे एक पेरूभर जागा होती. ती मी मोजली आहे, निम्मी करायची नाही.

पण अर्धंच काम झालं होतं. जुनी आवृत्ती हाती आली, तरी सोमवारी गिरणी एकच. तिला जुना दगड हवा, पोरांना नवा, आणि दोघांचं दळण एकाच वेळी. मी काकांना हे सांगत होतो आणि काका ऐकत ऐकत पाणी देत होते. पाट एकच होता. एका बाजूला जुनी झाडं, दुसऱ्या बाजूला यंदाची रोपं. काकांनी जुन्या झाडांच्या वाफ्याचा मातीचा बांध फावड्याने फोडला, पाणी तिकडे वळलं. मग फावडंभर माती टाकून ते बुजवलं, रोपांकडचं फोडलं.

"रोपाला जुन्या झाडाएवढं पानी दिलं तर मरंल," ते म्हणाले. "आन झाडाला रोपाएवढं दिलं तर वाळंल. म्हनून काय झाडं उपटायची व्हय? दोनी ठिवायची. वाफं येगळं करायचं, आन ज्याचं त्याच्याकडं वळवायचं. तुमच्या हत्तीत वाफं न्हाईत का?"

वाफे होते. कुणी पाडले नव्हते, कारण सगळं सगळ्यांचं होतं.

दुपारभर बसून मी हत्तीत दोन वेगळे कप्पे केले. एकात जुनी आवृत्ती, एकात नवी, कुणी कुणाला पुसायचं नाही. आणि एक ओळ लिहिली. ती ओळ टंकली की ज्याने टंकली त्याच्यापुरता हत्ती आधी जुन्या कप्प्यात बघायचा. शेजारी बसलेल्याला पत्ताही नाही, त्याचं पाणी नव्याकडेच. हे जगात सगळीकडे करतात हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मला वाटलं, हे मी आणि काकांच्या फावड्याने शोधलं.

तबस्सुमने पिवळ्या पेरूचा फोटो दिला. हत्ती घुमला. दोन दिवस, तो म्हणाला.

सोमवारी तिकडे चाळीस पोरांचं प्रॅक्टिकल, इकडे भिंतीजवळच्या एका पडद्यावर तिचं सादरीकरण, एकाच हत्तीच्या पोटातून. परीक्षक मोठे कडक. त्यांनी येताना फाटकावरून स्वतः एक पेरू आणला होता, फोटो काढायला लावला. दोन दिवस, हत्ती म्हणाला. "बघू," ते म्हणाले, आणि पेरू गेस्टहाउसच्या खिडकीत ठेवला. पोरांच्या परीक्षेसाठी ते बुधवारपर्यंत मुक्कामाला होतेच. बुधवारी सकाळी त्यांच्या खोलीतून असा वास सुटला की शिपाई विचारायला गेला. साहेबांनी पुरावा खाल्ला, रुमालाला हात पुसले आणि सही केली.

त्यानंतरच्या दुपारींबद्दल मला लिहायचं होतं. एवढा वेळ मी नुसता त्यांच्या भोवती फिरतो आहे.

सही झाली तरी तिचे बरेच फोटो उरले होते, प्रबंध लिहायचा होता. रोज तीनच्या सुमाराला ती यायची. पर्स टेबलावर, हत्तीच्या पाठीशी हात शेकायचे, आणि मग म्हणायची, "सर, माझं पाणी वळवा."

मी उठायचो, तिच्या पडद्याजवळ जाऊन वाकायचो आणि ती ओळ टंकायचो. ओळ अकरा अक्षरांची. ती मी इतक्या सावकाश टंकायचो की तेवढ्यात पाटाचं पाणी वाफा भरून पुढे गेलं असतं. ती तिची तिला टंकता आली असती. किंवा ती आली की आपोआप लागेल अशीही सोय मला करता आली असती, पाच मिनिटांचं काम. मी उलट सांगून ठेवलं होतं, ही ओळ फार धोक्याची, एक अक्षर चुकलं तर हत्ती पिसाळतो, मागे एका कॉलेजात छप्पर उडालं.

"निम्मं करून घेते," ती म्हणायची. "पत्रे उडाले."

मग तासभर गप्पा. म्हणजे मी बोलायचो. माझ्या आजोबांनी भीमा नदी एका हाताने अडवली तिथपासून ते पारनेरला माझ्या मामाने बिबट्याला बाजरीची भाकरी खायला शिकवली तिथपर्यंत. ती हसायची, मधूनच कीबोर्डवर काहीतरी टंकायची, कधी तोंड उघडायची आणि माझी पुढची थाप सुरू झाली की मिटायची. खिडकीतून दुपारचं तिरकं ऊन, बाहेर उसाच्या ट्रॉल्यांची धडधड, हत्तीच्या डोक्यावर पिकणारे पेरू. पौष गेला, माघ गेला. पेरूचा हंगाम उतरत आला, वास पातळ होत गेला, दुपारी पंखे लागले, हात शेकायचं काही कारण उरलं नाही. ती तरीही पाठीशी हात धरायची.

होळीच्या आदल्या आठवड्यात तिला हैदराबादची नोकरी लागली. शेवटच्या दिवशी ती म्हणाली, "सर, आता माझं पाणी बंद करा."

मला काहीतरी बोलायचं होतं. खूप दिवस मनात होतं, तोंडापर्यंत आलं होतं. आणि मी तिला सांगितलं की हैदराबादच्या चारमिनारचा एक मिनार मुळात नगरहून गेलेला आहे.

तिने टेबलावरची पर्स उचलली. "निम्मं करून घेते," म्हणाली, आणि गेली.

आता काळ बदलला. पोरांकडे आपापले लॅपटॉप. प्रत्येक प्रोग्रॅम आपली लायब्ररी, आपल्या आवृत्त्या, आपलं सगळं बिऱ्हाड एका डब्यात भरून आणतो, कंटेनर म्हणतात त्याला. डबा उघडा, चालवा, बंद करा. कुणाचं कुणाला लागत नाही. टाकी लावली, पीठ बिघडलं, ही भानगडच संपली. चांगलं आहे. पहिला मीच शिकलो आणि मीच शिकवतो. पण पूर्वी पाटाच्या पाण्यावरून भांडणारी माणसं आता आपापल्या बोअरवर असतात ना, बांधावर भेटत नाहीत, तसं झालंय. प्रयोगशाळेत चाळीस पोरं चाळीस डबे उघडून बसतात. कुणी कुणाला म्हणत नाही, याला हात का लावला?

गुरुवारी मी हत्ती चालू केला. खूप वर्षांनी घुमला, पलीकडच्या वर्गातले मास्तर थांबले असावेत. पुसायच्या आधी एकदा बघावं म्हणून आत शिरलो. दोन कप्पे होते तसेच. तिच्या नावाचा फोल्डर होता. त्यात फोटो, तक्ते, आणि प्रोग्रॅमची फाइल.

फाइल एक नव्हती, दोन होत्या.

मी दोन्ही शेजारी शेजारी उघडल्या. सगळं सारखं. फक्त एका ठिकाणी एक ओळ जास्त. चित्र वाचून झाल्यावर रंगांचा क्रम उलटा करून घेणारी ओळ. बस, तेवढीच. तेवढ्यावर प्रोग्रॅम नव्या आवृत्तीवर चालतो. मी चालवून पाहिला. फाटकावरून घेतलेला पेरू होता, त्याचा फोटो दिला. जुनी नको, कप्पा नको, पाणी वळवणं नको. दोन दिवस, हत्ती म्हणाला.

मग मी फाइलची तारीख पाहिली. परीक्षकांनी पेरू खाल्ला त्या बुधवारची.

काका आता गावी असतात, आणि रिटायर झाल्यापासून मला अरेतुरे करतात. मी फोन लावला.

"काका, तबस्सुमने प्रोग्रॅम बुधवारीच दुरुस्त केला होता. नव्यावर चालत होता. माझ्या ओळीची गरजच नव्हती तिला."

"मंग?" पलीकडे कुणीतरी भांडी घासत होतं. "ह्ये म्हाईत न्हाई व्हय तुला?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"लेका, पोरान्ला म्हाईत हुतं. शिपायाला म्हाईत हुतं. मला तिनंच दाखिवलं, म्हनली, काका, बघा, एका ओळीत पिकला."

"मग मला का नाही सांगितलं कुणी?"

भांड्यांचा आवाज लांब गेला, काका फोन घेऊन अंगणात आले असावेत. 

"ती सांगायला बसायची की रं रोज. तुझंच संपायचं न्हाई."

फोन ठेवला. डिस्क शुक्रवारी पुसून दिली, पण तो फोल्डर आधी काढून घेतला. दोन्ही फायली, दोन्ही कप्पे. हत्ती टेम्पोत चढवताना सहा माणसं लागली. हा आकडा बरोबर आहे. त्याच्या डोक्यावर पोत्याचा तुकडा अजून होता. तो मी ठेवून घेतला आणि परवाचा पेरू त्याच्यावर ठेवला. आज सकाळी खोलीत शिरलो तर पाऊल पुढे टाकवेना, इतका वास.

मी बसून हिशोब केला. बुधवारपासून होळीच्या आदल्या आठवड्यापर्यंत, रविवार आणि सुट्ट्या सोडून, पन्नास दुपारी होतात. पन्नास दुपारी ती तीनच्या सुमाराला येऊन म्हणाली, सर, माझं पाणी वळवा.

माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे. निम्म्या करा. पंचवीस दुपारी तरी तिला माझ्याकडे दुसरं काहीच काम नव्हतं.